लेन्स दुरुस्त करावी की बदलावी?

कॅमेऱ्याची लेन्स हातातून पडली, पावसात भिजली किंवा पावसाळ्यानंतर कपाटातून काढल्यावर आतून धुरकट दिसली, की वाचकांचा एकच प्रश्न असतो : ‘खर्च करून दुरुस्त करू, की सरळ दुसरी घेऊ?’ दुकानदार म्हणतो नवीन घ्या, कारागीर म्हणतो करून देतो, मित्र म्हणतो तशीच वापर. तिघांच्या तीन सल्ल्यांत माणूस गोंधळतो आणि बहुतेक वेळा घाईने पैसे घालवून बसतो.

लेन्सकडे नुसते बघून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. समोरच्या काचेवर ठळक ओरखडा असलेली लेन्स वर्षानुवर्षे उत्तम फोटो देते, तर बाहेरून कोरी करकरीत दिसणारी लेन्स एकाच आपटण्यात आतून तिरकी झालेली असू शकते. म्हणून क्रम असा ठेवा : आधी फोटो तपासा, मग बिघाड ओळखा, त्यानंतर आकडे मांडा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. हाच क्रम पुढे सविस्तर दिला आहे.

पहिल्या तासात काय करावे

लेन्सचे खरे नुकसान पुष्कळदा अपघातानंतरच्या घाईत होते. काय घडले आहे त्यानुसार पुढील काळजी घ्या.

- लेन्स पडली असेल तर : कॅमेरा बंद करा आणि बॅटरी काढा. झूमची किंवा फोकसची रिंग अडकत असेल तर जोर लावून फिरवू नका. आतले सरकणारे भाग एकदा खाचेबाहेर गेले की जोराने ते मोडतात आणि छोटी दुरुस्ती मोठी होते.
- यूव्ही फिल्टर फुटला असेल तर : लेन्सचे तोंड जमिनीकडे करून धरा आणि ब्लोअरने हवा मारून काचेचे कण खाली पाडा. कापडाने पुसू नका. फिल्टरच्या काचेची कुसळेच लेन्सवर ओरखडे काढतात. वाकलेली रिंग पक्कडीने उपटू नका. फिल्टरची रिंग काढण्याचे आणि लेन्सची कड सरळ करण्याचे हत्यार कारागिरांकडे असते. ही किरकोळ दुरुस्ती आहे आणि आतली लेन्स बहुतेक वेळा शाबूत निघते.
- गोड्या पाण्याने भिजली असेल तर : चालू करून बघण्याचा मोह टाळा. बाहेरचे पाणी मऊ सुती कापडाने टिपा आणि लेन्स हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदळाचे पीठ रिंगांच्या फटींतून आत जाते. हेअर ड्रायरची गरम हवाही नको.
- समुद्राचे पाणी गेले असेल तर : एक दिवसही थांबू नका. तारकर्ली असो की अलिबाग, खारे पाणी सुकले तरी मीठ आत राहते आणि सर्किट, स्क्रू, मोटर यांना गंज चढत जातो. आठवड्याने नेलेली लेन्स उघडून उपयोग होईलच असे नाही.
- गुलाल किंवा भंडारा गेला असेल तर : झूम अजिबात फिरवू नका. बाहेर येणारी झूम लेन्स प्रत्येक वेळी बाहेर येताना बाहेरची हवा आणि तिच्यासोबत पूड आत ओढते. जेजुरीच्या सोमवतीला किंवा विसर्जन मिरवणुकीत काम केल्यावर लेन्स ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ठेवून सांध्यांवर मऊ ब्रश फिरवा, ब्लोअर मारा आणि मगच झूमला हात लावा. भंडारा म्हणजे हळदीची बारीक पूड. ती ओल्या कापडाने पुसली तर तिचा लेप होऊन फटीत बसतो.

घरच्या घरी पाच चाचण्या

कारागिराकडे जाण्यापूर्वी एक तास काढून या चाचण्या करा. त्यामुळे बिघाड नेमका सांगता येतो आणि नको ते काम माथी मारले जात नाही. शक्य असेल तर तीच लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर आणि दुसरी लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर लावून बघा. दोष लेन्सचा की कॅमेऱ्याचा, हे एवढ्यानेच बऱ्याचदा कळते.

1. वर्तमानपत्राची चाचणी. छोट्या जाहिरातींचे पान पूर्ण उघडून सपाट भिंतीवर चारही कोपऱ्यांत चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर ठेवा. स्टॅबिलायझर बंद करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवा आणि दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो घ्या. आता कॅमेरा उलटा करून पुन्हा घ्या. संगणकावर दोन्ही फोटोंतले चारही कोपरे मोठे करून वाचा. दोन्हींत चौकटीचा तोच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकली आहे. पुसट भाग समोरच्या कोपऱ्यात गेला तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता, लेन्स ठीक आहे. पडलेल्या लेन्सची ही सर्वांत महत्त्वाची चाचणी आहे.
2. अ‍ॅपर्चरची चाचणी. एकसारख्या उजेडात अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर एफ/२.८ किंवा लेन्सचे सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर, मग ५.६, ११ आणि १६ असे फोटो घ्या. सगळे सारखेच उजळ यायला हवेत. आकडा वाढेल तसतसे फोटो भगभगीत होत असतील तर पाती तेलकट होऊन अडकत आहेत किंवा त्यांची वायर तुटते आहे.
3. आकाशाची चाचणी. एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. काळे ठिपके दिसले तर दुसरी लेन्स लावून पुन्हा घ्या. ठिपके तिथेच राहिले तर ती कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ आहे. सेन्सर साफ करण्याऐवजी लेन्स उघडून घेणारे पुष्कळ लोक भेटतात.
4. दिव्याची चाचणी. रात्री रस्त्यावरचा दिवा चौकटीच्या कोपऱ्यात येईल असा फोटो घ्या. दिव्याभोवती दुधाळ पडदा पसरत असेल आणि काळा रंग राखाडी होत असेल, तर आत बुरशी किंवा वाफ धरलेली आहे. त्यानंतर लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरके बघा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरलेली दिसते.
5. फोकसची चाचणी. आधी लेन्सच्या मागचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. कॅननच्या कॅमेऱ्यावर ‘एरर ०१’ येतो तो लेन्सशी संपर्क बिघडल्याचा, आणि पुष्कळदा एवढ्यानेच जातो. निकॉनवर ‘एफईई’ चमकत असेल तर जुन्या लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर फिरवून लॉक करा. तो बिघाड नाहीच. हाताने फोकस नीट होतो पण ऑटोफोकस होत नाही, असे असेल तर मोटर किंवा वायर संशयित आहे.

आवाजाबद्दल एक खुलासा. स्टॅबिलायझर असलेली किंवा लिनियर मोटरची लेन्स कॅमेऱ्यापासून काढून हलवली तर आत काहीतरी सुटे हलल्यासारखे वाटते. वीज नसताना आतला भाग मोकळा असतो म्हणून हा आवाज येतो. फोटो बरोबर येत असतील तर घाबरण्याचे कारण नाही.

कोणता बिघाड, कोणता निर्णय

- समोरच्या काचेवर ओरखडा : बहुतेक वेळा काहीच करू नका. समोरच्या काचेवरचा ओरखडा फोकसच्या इतका बाहेर असतो की तो चित्रात उमटत नाही. समोरून ऊन आले किंवा वाइड लेन्सवर एफ/१६, एफ/२२ वापरले तरच त्रास होतो. हूड लावा आणि वापरत राहा. टूथपेस्टने किंवा पॉलिशने घासण्याचे उपाय कोणी सांगितले तर ऐकू नका. ओरखडा राहतो आणि कोटिंग जाते.
- मागच्या काचेवर ओरखडा : हा गंभीर मानावा. मागची काच सेन्सरच्या जवळ असते, त्यामुळे लहान खूणही चित्रात जाणवते. काच बदलण्याचा खर्च विचारा.
- आतली धूळ : दोन-चार कण प्रत्येक लेन्समध्ये असतात. फोटोत फरक नसेल तर लेन्स उघडू नका. उघडण्यात काच सरकण्याचा धोका धुळीपेक्षा मोठा आहे.
- बुरशी : सुरुवातीची असेल आणि समोरच्या किंवा मागच्या सुट्या काचेवर असेल तर ताबडतोब साफ करून घ्या, कारण बुरशीतून निघणारे आम्ल कोटिंग खाते. एकदा कोटिंग खाल्ले गेले की बुरशी निघते पण डाग राहतो. दोन काचा चिकटवून केलेल्या जोडभिंगाच्या मधल्या थरात बुरशी असेल किंवा तो थरच सुटत असेल, तर खर्च वाया जाण्याची शक्यता जास्त. बुरशी मारायला लेन्स उन्हात ठेवू नका; लेन्समधून एकवटलेल्या उन्हाने जवळची वस्तू पेटू शकते.
- अ‍ॅपर्चरची वायर किंवा फ्लेक्स तुटणे : दुरुस्त करण्याजोगा बिघाड. कॅननच्या २४-१०५ एफ/४ एल या पहिल्या आवृत्तीच्या लेन्समध्ये हा वापरानंतर उद्भवणारा ओळखीचा बिघाड आहे. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो येतो आणि आकडा बदलला की एरर येतो, ही त्याची खूण. अनुभवी कारागिराच्या हातचे हे काम आहे.
- ऑटोफोकसची मोटर जाणे : लेन्स महागडी असेल तर दुरुस्त करा. कमी किमतीच्या लेन्समध्ये मोटर अधिक मजुरी मिळून लेन्सच्या किमतीजवळ जाते.
- माउंट वाकणे किंवा प्लास्टिकचे कान तुटणे : माउंट हा सुटा भाग आहे, तो बदलतो. मात्र वर्तमानपत्राची चाचणी बदलल्यानंतरही पुन्हा करा.
- काच सरकणे : इथे जपून. ती पुन्हा जागेवर बसवायला मोजणीची यंत्रे लागतात. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या, महाग लेन्ससाठी अधिकृत केंद्रातच जा. किट लेन्स असेल तर बदला.
- खारे पाणी आत जाणे : कारागिराने सगळे करून दिले तरी गंज पुढे चालू राहू शकतो. खूप मोठ्या किमतीची लेन्स नसेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका.
- न निघणाऱ्या लेन्सचा छोटा कॅमेरा, लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकलेली : पूर्ण लेन्सयुनिट बदलावे लागते. कॅमेऱ्याच्या आजच्या किमतीशी ताडून बघा. बहुतेक वेळा बदलणेच परवडते.

पैशांचा हिशेब कसा मांडावा

इथे सर्वाधिक चूक होते. लोक दुरुस्तीचा खर्च नव्या लेन्सच्या छापील किमतीशी ताडतात आणि ‘चाळीस हजारांच्या लेन्सला दहा हजार म्हणजे स्वस्तच’ म्हणून हो म्हणतात. तुलना करायची ती त्याच लेन्सच्या चालू स्थितीतल्या सेकंड-हँड किमतीशी, कारण दुरुस्तीनंतर तुमच्या हातात येणार आहे ती सेकंड-हँड लेन्सच.

हिशेब असा. समजा, तुमच्यासारखी चालू लेन्स बाजारात २०,००० रुपयांना मिळते. तुमची बिघडलेली लेन्स ‘आहे तशी’ सुट्या भागांसाठी ४,००० रुपयांना जाते. म्हणजे बदलण्याचा खरा खर्च १६,००० रुपये. आता दुरुस्तीचा आकडा त्याच्याशी ताडा :

- दुरुस्ती जीएसटी धरून ८,००० च्या आत, म्हणजे निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्त करा.
- ११,००० च्या वर, म्हणजे दोनतृतीयांशाच्या वर जात असेल तर बदला.
- मधल्या पट्ट्यात असेल तर तीन गोष्टी बघा : दुरुस्तीवर लेखी हमी किती महिन्यांची, सुटा भाग मूळ कंपनीचा आहे का, आणि तोच बिघाड पुन्हा उद्भवणारा आहे का.

हा काटेकोर नियम नव्हे, पण निर्णय ताळ्यावर ठेवतो. त्यात आणखी तीन गोष्टी मिळवा.

भाड्याचा खर्च. तुम्ही लग्नाचे फोटो काढत असाल आणि तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला असेल, तर दुरुस्तीला लागणाऱ्या दिवसांचे लेन्सभाडे दुरुस्तीच्या आकड्यात धरा. सुटा भाग बाहेरून मागवायचा असेल तर महिनाही जातो. अशा वेळी कागदावर स्वस्त वाटणारी दुरुस्ती महाग पडते. तातडीची नसलेली कामे चातुर्मासात उरकून घ्यावीत.

माउंटचे भविष्य. कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट २०१८ मध्ये आणले आणि दोघांचेही लक्ष आता मिररलेसकडे आहे. त्यामुळे डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स सेकंड-हँड बाजारात पूर्वीपेक्षा स्वस्त मिळतात आणि बदलण्याकडे पारडे झुकते. दुसरी बाजूही बघा. उत्पादन बंद झालेल्या लेन्सचे सुटे भाग कंपन्या ठरावीक वर्षेच ठेवतात. लेन्स आवडती असेल आणि आज भाग मिळत असेल तर दुरुस्ती पुढे ढकलू नका.

लेन्सचा वर्ग. १८-५५ ची किट लेन्स किंवा ५० एमएम एफ/१.८ या लेन्स सेकंड-हँड इतक्या सहज मिळतात की नुसती मजुरीच किमतीच्या जवळ जाते. त्या बहुतेक वेळा बदलाव्यात. ७०-२०० एफ/२.८, मॅक्रो किंवा पक्ष्यांसाठीच्या लांब टेलिफोटो लेन्स मात्र बहुतेक वेळा दुरुस्त करण्यातच शहाणपण. हाताने फोकस होणाऱ्या जुन्या धातूच्या लेन्सची रचना साधी असते. बुरशी काढणे, ग्रीस बदलणे, पाती साफ करणे ही कामे होतात. वडिलांची किंवा आजोबांची लेन्स असेल तर पैशांचा हिशेब बाजूला ठेवायला हरकत नाही. फक्त तसे मनाशी स्पष्ट ठरवून खर्च करा.

अधिकृत केंद्र की स्वतंत्र कारागीर?

दोघांच्या कामाची पद्धत वेगळी आहे. अधिकृत केंद्र सहसा पूर्ण असेंब्ली बदलते. खर्च जास्त येतो, पण भाग मूळ कंपनीचा असतो आणि जुळणी यंत्रावर तपासली जाते. स्वतंत्र कारागीर तुटलेली वायर किंवा एकच दात मोडलेले चाक बदलतो. खर्च कमी येतो, पण काचांची जुळणी मोजण्याची यंत्रे त्याच्याकडे बहुधा नसतात. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजाराच्या परिसरात कॅमेऱ्यांचा मोठा बाजार आहे. तिथे चौकशी केली की कोणता कारागीर कोणत्या कामात तरबेज आहे हे समजते. तुमच्या गावातल्या स्टुडिओवाल्यांनाही विचारा. रोज लेन्स वापरणाऱ्याचा अनुभव जाहिरातीपेक्षा भरवशाचा.

ढोबळ विभागणी अशी :

- काच बदलणे, काचेची जुळणी, स्टॅबिलायझर, वॉरंटीतली लेन्स : अधिकृत केंद्र.
- फ्लेक्स, अ‍ॅपर्चरची पाती, वाकलेली कड, बुरशी, ग्रीस, जुन्या मॅन्युअल लेन्स : चांगला स्वतंत्र कारागीर.

आधी अधिकृत केंद्राचे एस्टिमेट घ्या, मग कारागिराकडे जा. उलट केले आणि कारागिराने लेन्स उघडली, तर केंद्र ती हातात घ्यायला नकार देऊ शकते.

लेन्स देताना पावतीवर काय हवे

1. लेन्सचे पूर्ण नाव आणि सीरियल नंबर.
2. तुम्ही सांगितलेला बिघाड, तुमच्या शब्दांत. ‘लेन्स खराब’ असे मोघम लिहू देऊ नका; ‘एफ/४ वर फोटो येतो, एफ/८ वर एरर येतो’ असे लिहून घ्या.
3. देतानाची स्थिती : ओरखडे, पोचे, काचेची अवस्था. काउंटरवरच टॉर्च लावून मोबाइलवर व्हिडिओ घ्या.
4. सोबत दिलेल्या वस्तू. हूड, फिल्टर, झाकणे शक्यतो घरीच ठेवा.
5. तपासणी शुल्क किती आणि एस्टिमेट नाकारले तर तेवढेच द्यायचे का.
6. ‘मंजुरीशिवाय काम करू नये’ हे वाक्य.
7. परत मिळण्याची तारीख, दुरुस्तीवरची हमी आणि जुना भाग परत देण्याची कबुली.

परत घेताना पैसे देण्यापूर्वी कॅमेरा सोबत न्या आणि वरच्या चाचण्यांपैकी अ‍ॅपर्चर आणि फोकसच्या चाचण्या तिथेच करा. वर्तमानपत्राची चाचणी घरी आल्यावर त्याच दिवशी करा. दोष असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा, नंतर ‘तुमच्याकडे बिघडली’ असे ऐकावे लागणार नाही.

वॉरंटी आणि विमा

वॉरंटी निर्मितीतल्या दोषांसाठी असते. पडणे, पाणी, वाळू आणि बुरशी सहसा तिच्यात बसत नाहीत. पण ऑटोफोकस किंवा अ‍ॅपर्चर कोणत्याही अपघाताशिवाय बंद पडले असेल, तर आधी बिल आणि वॉरंटी कार्ड काढा. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि एमआरपीचे लेबल नसेल तर माल ग्रे मार्केटचा असण्याची दाट शक्यता आहे आणि भारतातली वॉरंटी त्याला बहुधा मिळत नाही.

कॅमेऱ्याचा वेगळा विमा किंवा घरविम्यात वस्तूंचे जादा संरक्षण घेतले असेल, तर दुरुस्तीला टाकण्यापूर्वी विमा कंपनीला कळवा. आधी दुरुस्ती आणि मग दावा असे केले तर नुकसान सिद्ध करणे अवघड होते. अपघाताचे फोटो, खरेदीचे बिल, सीरियल नंबर आणि अधिकृत केंद्राचे लेखी एस्टिमेट जपून ठेवा. दावा चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत.

तुमचे हक्क

दुरुस्ती ही पैसे घेऊन दिलेली सेवा आहे, म्हणून तिला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. हा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

- व्यावसायिक छायाचित्रकारही ग्राहक असू शकतो. नफ्यासाठी मोठा व्यवसाय चालवणारा ग्राहक ठरत नाही. मात्र स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेली लेन्स या अपवादात मोडत नाही. एकटा काम करणारा लग्नाचा फोटोग्राफर तक्रार करू शकतो.
- बिल मागणे हा हक्क आहे. सेवेचे बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ या सवलतीला भुलू नका. बिलाशिवाय हमीही सिद्ध होत नाही.
- ‘माल ग्राहकाच्या जबाबदारीवर’ ही छापील ओळ अंतिम नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे, ताब्यात दिलेल्या वस्तूची शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घेणे कारागिरावर बंधनकारक आहे. निष्काळजीपणाची जबाबदारी त्या एका ओळीने आपोआप संपत नाही.
- कारागिरालाही हक्क आहे. त्याच कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, केलेल्या कामाची रास्त मजुरी मिळेपर्यंत तो लेन्स ठेवून घेऊ शकतो. म्हणूनच एस्टिमेट आणि मंजुरी लेखी असणे दोघांच्याही हिताचे आहे.
- सुट्या भागांची माहिती. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे आहेत. कॅमेऱ्याचे वेगळे क्षेत्र त्यात नाही, तरी कंपनीकडे दुरुस्तीची आणि भागांची माहिती लेखी मागायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही.

तक्रार करायची झाली तर पायऱ्या अशा : प्रथम दुकान किंवा केंद्राला ईमेलने अथवा नोंदणीकृत पत्राने कळवा आणि मुदत द्या. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात. तरीही मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी आयोगाचे शुल्क नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावे लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. ‘ई-जागृति’ या पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते.

बदलायचे ठरले तर

- आपल्या कॅमेऱ्याला बसते का, आणि बसून चालते का, दोन्ही तपासा. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम ईएफ कॅमेऱ्यावर बसत नाही. निकॉनच्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, त्यामुळे ३००० आणि ५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांवर आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस चालत नाही. एएफ-पी लेन्स काही जुन्या निकॉन कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाहीत.
- सेकंड-हँड घेताना वरच्या पाचही चाचण्या विक्रेत्यासमोर करा. बिल आणि सीरियल नंबर जुळवा. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची झाक आहे का आणि स्क्रूची डोकी घासलेली आहेत का ते बघा. घासलेले स्क्रू म्हणजे लेन्स आधी उघडलेली आहे.
- बिघडलेली लेन्स फेकू नका. बिघाड स्पष्ट सांगून ती कारागिरालाच विका. त्याला काचा, माउंट, रिंगा कामाला येतात आणि तुमचा बदलण्याचा खर्च तेवढा कमी होतो.
- साठवण सुधारा. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत नवी लेन्स पुन्हा कापडी बॅगेत आणि बंद कपाटात गेली, तर दोन पावसाळ्यांनी बुरशी परत येईल. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक एवढे पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. निळे जेल गुलाबी झाले किंवा नारिंगी जेल हिरवे झाले की मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरा. लेन्स अधूनमधून वापरात ठेवा.

निर्णय एका नजरेत

1. फोटोत दोष दिसत नाही : काहीही करू नका.
2. दोष आहे, पण कॅमेऱ्याचा किंवा सेन्सरचा : लेन्स उघडू नका.
3. वॉरंटी किंवा विमा लागू : आधी तिकडे कळवा, मगच हात लावा.
4. खर्च बदलण्याच्या खऱ्या खर्चाच्या निम्म्याच्या आत आणि हमी लेखी : दुरुस्त करा.
5. खारे पाणी, सरकलेली काच किंवा जोडभिंगातली बुरशी, आणि लेन्स स्वस्त : बदला.
6. भाग मिळत नाहीत : लगेच बदला, आणि जुनी लेन्स सुट्या भागांसाठी विका.

लेन्स चांगली चालत असेल, तरी आजच दोन गोष्टी करून ठेवा. खरेदीच्या बिलाचा आणि सीरियल नंबरचा फोटो स्वतःला ईमेल करा आणि वर्तमानपत्राच्या चाचणीचा एक फोटो जपून ठेवा. लेन्स पडलीच, तर आधी ती कशी होती हे दाखवणारा पुरावा तुमच्याकडे असेल, आणि दुकानदार, कारागीर किंवा विमा कंपनी यांच्यापैकी कोणाशीही बोलताना तुमची बाजू भक्कम राहील.